भाकरी मोडणारा हात

मिरज,
भाऊबीज

चि. सोनूस,


तुझा लांबलचक निरोप दोनदा वाचला, मग काकांनाही वाचून दाखवला. अर्धांगवायूनंतर हात सुधारणारा रोबो, त्याला जोडलेलं फोनवरचं अ‍ॅप, पुण्यातली तुझी संस्था, एक रुग्णालय, परदेशातलं एक विद्यापीठ, आणि त्या गटात तू! काकांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. बोलणं अजून अडखळतं त्यांचं, पण आनंद झाल्याचं कळलं.

तू विचारलंस, "आत्या, पहिल्या दिवशी रुग्णालयात गेले की सुरुवात कुठून करू?" एकतीस वर्षं मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून सरकारी रुग्णालयात काढली, आणि गेली सहा वर्षं घरात तुझ्या काकांचा अर्धांगवायू सांभाळते आहे. त्यामुळे या प्रश्नाकडे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. फोनवर बोलले असते तर निम्मं राहून गेलं असतं, म्हणून लिहिते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी जत तालुक्यातून एक आजी आमच्या ओपीडीत यायच्या. उजवी बाजू गेलेली, वाचा मात्र शाबूत. त्याच सुमारास एका संस्थेचा गट स्वतः बनवलेलं हाताचं यंत्र घेऊन आमच्याकडे आला. मनगट आणि बोटं यंत्रात अडकवायची, मूठ उघडली-मिटली की समोरच्या पडद्यावर फुगे फुटायचे. मुलं हुशार होती, कष्टाळू होती. पण यंत्राचा पट्टा आजींच्या मनगटाला मोठा व्हायचा आणि हातातल्या हिरव्या बांगड्या आड यायच्या. "बांगड्या काढून ठेवा," असं एका मुलाने सहज सांगितलं. नवरा हयात असलेल्या बाईला असं सांगणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आजी त्या दिवशी यंत्रावर बसल्या नाहीत. पुढच्या खेपेला मी बांगड्या वर सरकवून त्यांवर मऊ फडकं गुंडाळलं, तेव्हा काम सुरू झालं. सहा आठवडे त्या एसटीने येत राहिल्या. पडद्यावरचे गुण वाढत गेले. शेवटच्या दिवशी मुलांनी त्यांना आलेख दाखवला. आजींनी तो नीट पाहिला आणि विचारलं, "मग आता भाकरी मोडता येईल न्हवं?"

येत नव्हती. भाकरी मोडायला करंगळीकडच्या बोटांनी ती ताटात दाबून धरावी लागते, अंगठा आणि पहिली दोन बोटं तुकडा पकडतात आणि मनगट किंचित वळतं. हे तिन्ही एकाच वेळी, एकाच हातात व्हावं लागतं. यंत्राने त्यांना मूठ उघडायला आणि मिटायला शिकवलं होतं. त्यांना हात कशासाठी हवा आहे, हे सहा आठवड्यांत कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, मी पट्टा आणि बांगड्यांतच गुंतले होते. महिन्याभरात निधीची मुदत संपली, यंत्र खोक्यात बंद होऊन निघून गेलं. पुढे वर्षभर रुग्ण मला विचारत राहिले, "बाई, ते मशीन कवा येणार?" उत्तर द्यायला मागे मी एकटी होते. त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. तो त्या मुलांवर मात्र नाही. त्यांना आमच्या खोलीत आणलं गेलं ते यंत्र तयार झाल्यावर. त्याआधी वर्षभर त्यांनी आमच्याकडे नुसतं बसून राहायला हवं होतं.

तू म्हणशील, विचारायचं एवढंच ना? पण आपल्या हातातली मोजपट्टीच काय विचारायचं ते ठरवून टाकते. रुग्ण रोजची कामं किती स्वतः करतो हे मोजायला जगभर बार्थेल निर्देशांक वापरतात. 1965 साली तो अमेरिकेत प्रसिद्ध झाला. दहा बाबी, एकूण 100 गुण. मी तो असंख्य केसपेपरांवर भरला आहे आणि त्याचा उपयोगही मोठा आहे. पण त्यातली जेवणाची कल्पना सुरीने कापण्याची, पावाला लोणी लावण्याची आहे. जतच्या आजींच्या ताटात सुरी नव्हती. जमिनीवर बसणं आणि उठणं, उकिडवं बसणं, निऱ्या खोचणं, पिळून कपडे वाळत घालणं, देवापुढे दोन्ही हात जोडणं, यांतलं काही त्या दहा बाबींत वेगळं मोजलं जात नाही. हाताच्या कसोट्याही तशाच: लाकडी ठोकळे उचला, गोटी चिमटीत धरा, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओता. आजींच्या प्रश्नानंतर मी माझ्या वहीत एक वेगळी यादी ठेवायला लागले. प्रत्येक नव्या रुग्णाला पहिल्याच दिवशी विचारायचं: हात बरा झाला तर आधी काय कराल? एका न्हाव्याने सांगितलं, वस्तरा नाही, निदान कंगवा धरायचाय. एका शिक्षिकेला हजेरीपटावर सही करायची होती. एका सतारीच्या कारागिराला खुंटी पिळायची होती; हे आपल्या मिरजेतच ऐकायला मिळायचं. तुमच्या गटाने रुग्णालयाकडून अशी यादी मागावी, आणि ती नसेल तर आधी तयार करावी.

परदेशी ज्ञान नको असं माझं म्हणणं नाही. माझा व्यवसायच बाहेरून आला. कमलाताई निंबकर मूळच्या अमेरिकन, लग्न करून इकडच्या झाल्या आणि 1950 साली त्यांनी मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. आशियातली ती पहिली. पण शास्त्र आणताना त्या स्वतःही इथे आल्या आणि इथेच राहिल्या, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता तुझ्या क्षेत्रातल्या एका माणसाची गोष्ट. कॅलिफोर्नियातले हेन्री इव्हान्स. 2002 साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मेंदूच्या देठात झटका आला आणि हातपाय गेले, वाचाही गेली. मान थोडी हलते, त्या हालचालीवर ते संगणक चालवतात. 2010 साली त्यांनी दूरचित्रवाणीवर जॉर्जिया टेकचे प्राध्यापक चार्ली केम्प यांचा रोबो पाहिला आणि आपण होऊन पत्र लिहिलं. त्यातून केम्प यांचा गट, विलो गराज ही रोबो बनवणारी कंपनी आणि हेन्री व त्यांच्या पत्नी जेन असं काम सुरू झालं. पीआर2 नावाचा तो रोबो माणसाएवढा उंच होता आणि त्याची किंमत होती 4,00,000 डॉलर. त्याच्याकडून हेन्रींनी काय करून घेतलं? अनेक वर्षांनी पहिल्यांदा स्वतःच्या चेहऱ्यावरची खाज स्वतः खाजवली. मग स्वतःची दाढी केली.

सोनू, खाज हा विषय कुठल्या प्रयोगशाळेत सुचला असता? काकांच्या पहिल्या महिन्यात मला तो कळला. रात्री दोन वाजता ते हाक मारायचे, शब्द फुटायचा नाही, मी पाणी द्यायचे, पंखा लावायचे, उशी बदलायचे. आणि शेवटी कळायचं की पाठीला खाज सुटली आहे. जो बिछान्यात आहे त्यालाच ठाऊक असतं की दिवसाच्या चोवीस तासांत कुठली गोष्ट सगळ्यांत जास्त लाचार करते. हेन्री तेव्हापासून त्या संशोधनात आहेत. पुढे केम्प यांनी सहकाऱ्याबरोबर कंपनी काढली आणि स्ट्रेच नावाचा रोबो बनवला: एक खांब, एक हात, खाली चाकं, वजन साधारण 24 किलो. 2023 साली तो हेन्रींच्या घरी आठवडाभर वापरून पाहिला, तेव्हा त्या गटात एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. हे वाचून मला किती बरं वाटलं ते काय सांगू. माणसासारखा दिसणारा अवाढव्य रोबो ते घराच्या दारातून आत जाणारी काठी, हा प्रवास मला खरी प्रगती वाटते.

जपानची दुसरी बाजूही वाच. म्हातारी माणसं वाढली, सांभाळणारे हात कमी पडले, म्हणून तिथल्या सरकारने अशा यंत्रांवर बराच पैसा लावला. जेम्स राइट या अभ्यासकाने तिथल्या एका वृद्धाश्रमात काय घडतं ते पाहिलं आणि 2023 साली पुस्तक लिहिलं, ‘रोबोट्स वोन्ट सेव्ह जपान’. पलंगावरून खुर्चीत उचलून बसवणारं हग नावाचं यंत्र तिथल्या कर्मचाऱ्यांनी काही दिवसांनी बाजूला ठेवलं. ते एका खोलीतून दुसरीत ढकलत न्यायचं, नीट लावायचं, माणसाला अडकवायचं, एवढ्यात वेळ जायचा; आणि तो वेळ कापला जायचा म्हाताऱ्यांशी बोलण्याच्या वेळातून. मी काकांना दिवसात आठ वेळा उठवते. माझी कंबर दुखते, तरी मला ते कर्मचारी पटले. उठवताना मी त्यांच्या कानाशी "एक, दोन, उठा" म्हणते, आणि दिवसातलं आमचं निम्मं बोलणं तेव्हाच होतं. हा वेळ वाचवणारं यंत्र मला नको आहे. कंबर वाचवणारं हवं आहे. या दोन मागण्यांतला फरक मी सांगितल्याशिवाय तुमच्या गटाला कळणार नाही. म्हणून रुग्णाइतकंच सांभाळणाऱ्या माणसाला खोलीत घ्या. ती बहुधा बाई असते, बहुधा दारापाशी उभी असते आणि तिला खुर्ची दिलेली नसते.

युरोपीय संघ आणि जपान यांनी मिळून 2017 ते 2020 या काळात केरेसेस नावाचा प्रकल्प केला. त्याची रचना तुला उपयोगी पडेल. इटलीतल्या जेनोवा विद्यापीठाचे आंतोनियो स्गोर्बिस्सा प्रमुख. ते तुझ्यासारखे यंत्रांतले. आणि त्यांच्या जोडीला लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या इरेना पापादोपुलोस, ज्यांचं आयुष्य परिचर्येत, वेगवेगळ्या संस्कृतींतल्या रुग्णांची शुश्रूषा कशी करावी या अभ्यासात गेलं. म्हणजे रोबोने म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलावं हे ठरवण्यात परिचर्येच्या अभ्यासकाचा शब्द होता. इंग्रज, भारतीय आणि जपानी अशा तीन संस्कृती त्यांनी समोर ठेवल्या. इंग्लंडमधल्या वृद्धाश्रमांत राहणाऱ्या भारतीय आजी-आजोबांचाही त्यात विचार होता, आणि त्यात आपली मराठी माणसं असतीलच. तू लगेच म्हणशील, ‘भारतीय’ म्हणजे कोण? मिरजेची आजी आणि पतियाळाची आजी एक कशा? ही शंका त्यांनाही होती. संस्कृतीची माहिती हा पहिला अंदाज, पुढे समोरचा माणूस सांगेल तसं बदलत जायचं, अशी त्यांची रीत होती. पेपर नावाच्या बुटक्या रोबोबरोबर दोन आठवड्यांत जास्तीत जास्त 18 तास घालवलेल्यांचं मन थोडं सावरलं. एकटेपणावर परिणाम अगदी किरकोळ. चाचणीत माणसं होती 33. आणि गप्पा वरवरच्या वाटतात, हातवाऱ्यांनी लक्ष विचलित होतं, असंही लोकांनी सांगितलं. गटाने ते लपवलं नाही.

न लपवण्यावरून ब्रिटनमधली एक चाचणी सांगते, ती तर थेट तुझ्या विषयातली आहे. अर्धांगवायूतल्या हातासाठी रोबो वापरायला एमआयटीच्या नेव्हिल होगन आणि हेर्मानो क्रेब्स यांनी 1990च्या दशकात सुरुवात केली. यंत्राचं नाव एमआयटी-मॅनस. पुढे पंचवीसेक वर्षं जगभर कौतुक झालं. मग ब्रिटनमध्ये रॅटल्स नावाची मोठी चाचणी झाली: 770 रुग्ण, आठवड्यातून तीनदा, 45 मिनिटं, 12 आठवडे. एका गटाला रोबो, दुसऱ्याला तितकाच वेळ थेरपिस्टकडून जादा उपचार, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. 2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. रोबोने हाताच्या हालचाली किंचित सुधारल्या, पण रोजच्या कामात हात वापरण्याची क्षमता नेहमीच्या उपचारांपेक्षा वाढली नाही. वाचताना मला आलेख हातात धरलेल्या जतच्या आजी दिसल्या. त्या एका वाक्यात जे विचारून गेल्या होत्या, ते 770 माणसांवर मोजून सिद्ध झालं. यावरून रोबो टाकाऊ ठरत नाही. मूठ आणि भाकरी यांच्यामधलं अंतर कसं भरायचं, हा तुमच्या पिढीपुढचा प्रश्न ठरतो. तुमची चाचणी सुरू होण्याआधी ती भारतीय नोंदणीत नोंदवा, काय मोजणार ते आधीच लिहून ठेवा, आणि उत्तर ‘नाही’ आलं तरी छापा. ‘नाही’ छापलं गेलं नाही तर दुसऱ्या कुठल्या तरी गावातल्या आजी पुन्हा सहा आठवडे एसटीने येत राहतील.

सहकार हा शब्द आपल्या भागाला कुणी शिकवायला नको. 1950च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्यांच्यासोबत अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. कारखान्याचे पहिले अध्यक्षही तेच. एकाकडे शेतकऱ्याची नड, दुसऱ्याकडे हिशेबाचं शास्त्र. पण कारखाना उभा राहिला तो ऊस घालणारा शेतकरी सभासद झाला म्हणून. त्याच्या नावावर भाग होता, सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारायचा त्याला हक्क होता. पुढे सहकाराचं जे काही बरंवाईट झालं ते झालं, मूळ रीत मला अजून योग्य वाटते. तुमच्या करारावर तीन सह्या आहेत: संस्था, रुग्णालय, विद्यापीठ. ऊस घालणारा कुठे आहे त्यात? रुग्णाने आपला आखडलेला हात दिला, वेळ दिला, एसटीचं भाडं खर्च केलं, आजाराची सगळी माहिती दिली. त्याला संमतीपत्रावर अंगठा उमटवण्यापलीकडे जागा हवी. तुमच्या बैठकीत दोन रुग्ण आणि एक सांभाळणारी बाई बसू देत, पहिल्या दिवसापासून. त्यांचा प्रवासखर्च आणि बुडालेला रोज अंदाजपत्रकात धरा. बैठक मराठीत होऊ दे; परदेशातल्या पाहुण्यांना तू भाषांतर करून सांग.

आता अ‍ॅपबद्दल. काकांना मागे एकाने व्यायामाचं अ‍ॅप घालून दिलं होतं. रोज सकाळी घंटा वाजायची, व्यायामाचं चित्र यायचं, काका बघत बसायचे आणि थोड्या वेळाने पडदा आपोआप बंद व्हायचा. आठवड्याच्या अहवालात नोंद यायची की रुग्णाचं सहकार्य नाही. मला शोधायला दहा दिवस लागले. ‘सुरू करा’चं बटण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात होतं. काकांच्या मेंदूच्या डाव्या भागाला मार बसला, त्यात दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू गेली आहे. बटण त्यांना दिसतच नव्हतं. अर्धांगवायूच्या कितीतरी रुग्णांना असं अर्धंच दिसतं, आणि हे थेरपीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. अ‍ॅप करणाऱ्यांच्या शेजारी त्या पहिल्या वर्षातली एक मुलगी जरी बसली असती तरी ते बटण मधे आलं असतं.

अशी चूक मोठ्या प्रमाणावर झाली की माणसं दगावू शकतात. कोविडमध्ये घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर तुला आठवत असेल. जपानच्या ताकुओ आओयागींनी 1970च्या दशकात त्यामागचं तत्त्व शोधलं, आणि त्या छोट्या यंत्राने किती जीव वाचवले याची मोजदाद नाही. पण 2020 साली अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की यंत्र 92 ते 96 दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात 88 च्या खाली गेलेला असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के आणि कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के होतं. यंत्र त्वचेतून जाणारा प्रकाश मोजतं, आणि गडद त्वचेत ते जास्त चुकतं. तुमच्या रोबोचे सेन्सर, कॅमेरे, आवाज ओळखणारी यंत्रणा, सगळ्याला हा प्रश्न विचार: कुणाच्या अंगावर हे तपासलं? काकांसारखं अडखळत, त्यातही सांगलीकडचं मराठी बोलणाऱ्याचा आवाज त्याला कळेल का?

साधं यंत्रही किती नेमकं असू शकतं याचा नमुना आपल्या महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांना लहान बाळांमधला न्यूमोनिया गावातच ओळखायचा होता. त्यासाठी श्वास मोजावे लागतात, आणि गावातल्या दाया मोजायला शिकलेल्या नव्हत्या. त्यांनी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधन बनवलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपण्याआधी ठरावीक मण्यापर्यंत पोचलं तर बाळाला धोका. दाईला जे येतं तिथून त्यांनी साधनाची सुरुवात केली. पुढे गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचं काम 39 गावांत झालं, आणि 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. ताडून पाहायला शेजारची दुसरी गावं होती, म्हणून जगाला ते मानावं लागलं. कुठल्याही रोबोच्या प्रयोगशाळेत लावावी अशी ही गोष्ट आहे.

तुझ्या जवळचं उदाहरण वेल्लोरचं आहे. तिथलं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि मद्रास आयआयटी यांनी मिळून हातासाठी प्लूटो नावाचा छोटा रोबो केला. एकच मोटर, आणि तिला लावायच्या वेगवेगळ्या मुठी: मनगटासाठी एक, बोटांसाठी एक, असं. इंजिनिअर मंडळी रुग्णालयाच्याच आवारात काम करतात. जमलं तर पहिल्या सहामाहीत तिथे जाऊन ये. मुठी बदलता येत असतील तर भाकरीची मूठ का नको?

घाई का करते आहे सांगू? देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीबरोबर 2023 साली काढलेल्या अहवालानुसार 2050 साली आपल्या देशात साठीपुढची माणसं 34.7 कोटी असतील, पाचातला एक. तेव्हा तूही त्या वयाकडे चाललेली असशील. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने 2022 साली सांगितलं की चष्म्यापासून चाकाच्या खुर्चीपर्यंत काही ना काही साहाय्यक साधन लागणारी माणसं जगात 250 कोटींहून जास्त आहेत, आणि काही गरीब देशांत गरजूंपैकी जेमतेम 3 टक्क्यांपर्यंत ते पोचतं. घरोघर मुलं पुण्या-मुंबईला किंवा त्याहून लांब; मागे दोघं म्हातारी, त्यातलं एक आजारी. आमच्या गल्लीत अशी पाच घरं आहेत.

म्हणून तुझ्या प्रमुखांना सुरुवातीलाच एक गोष्ट विचार, आणि उत्तर कागदावर घे. निधी संपल्यावर यंत्राचं काय होणार? ज्या रुग्णाला गुण येईल त्याला ते पुढे वापरायला मिळेल का? मोटर बिघडली तर सांगलीत किंवा लातूरला कोण दुरुस्त करेल? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची 2017 सालची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत अभ्यास संपल्यानंतर रुग्णांना मिळायच्या लाभाचा मुद्दा आहे. नीतिसमितीपुढे जाण्याआधी तो भाग स्वतः वाच. रुग्णाची माहिती परदेशी विद्यापीठाच्या संगणकावर जाणार असेल तर ते संमतीपत्रात साध्या मराठीत, ठळक लिहिलेलं हवं. रुग्णाला वाचून दाखव, मग त्याच्याच शब्दांत परत सांगायला सांग. त्याने सांगितलेलं तुला पटलं, तरच सही घे. तू नवीन आहेस, गटात सगळ्यांत लहान आहेस, बोलायला संकोच वाटेल, हे मला कळतं. पण ओपीडीतला बाक आणि प्रयोगशाळा या दोन्ही ठिकाणी रोज जाणारी गटात तू एकटीच असशील. हे सगळं तू विचारायला हवंस.

पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडू नकोस. नऊ वाजता ओपीडीच्या बाकावर जाऊन बस. कोण कुणाला धरून आणतंय, चप्पल कोण घालून देतंय, पाण्याची बाटली कशी उघडतात, केसपेपर दातांत धरून पिशवीची गाठ कोण सोडतंय, ते वहीत लिही. असे पंधरा दिवस काढ. आयाबाई आणि वॉर्डातल्या मामांशी ओळख कर. डॉक्टरांना न सांगितलेलं रुग्ण त्यांना सांगतात.

आणि तुमचा पहिला कच्चा नमुना तयार झाला की आधी इकडे घेऊन ये. काकांना विचारलं, ते तयार आहेत. हात बरा झाला तर आधी काय कराल, हेही मी त्यांना विचारलं. बराच वेळ लागला त्यांना सांगायला. त्यांना तुझ्या आजोबांच्या तसबिरीला स्वतः हार घालायचा आहे. म्हणजे दोन्ही हात खांद्याच्या वर जायला हवेत आणि बोटांनी दोरा अलगद सोडायला हवा. हे तुझ्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेव. त्यांच्या खोलीचं दार 27 इंचांचं आहे, उंबरा अडीच इंच. येशील तेव्हा सकाळी ये. दुपारी तीननंतर त्यांचा हात जास्त आखडतो.

तुझी,
आत्या